वीज, पाऊस आणि पूर : नीरा-भीमा खोऱ्यातील हवामान-नोंदींचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात, माळशिरस तालुक्यात वेळापूर हे प्राचीन गाव वसले आहे. अर्धनारीनटेश्वराचे मंदिर आणि यादव राजा रामचंद्र याच्या काळातील शिलालेख यांमुळे हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. आषाढी वारीच्या वाटेवर श्री ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम येथे असतो. हा सर्व परिसर पर्जन्यछायेचा आहे. सोलापूर जिल्ह्याचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान सुमारे साडेपाचशे मिलिमीटर असून, येथून पश्चिमेस असलेल्या महाबळेश्वरी त्याच्या दसपट पाऊस पडतो. तालुक्याच्या उत्तरेकडून नीरा आणि पूर्वेकडून भीमा वाहते. या दोन्ही नद्यांचे पाणी डोंगरात जमा होते आणि त्यांचे पूरही प्रामुख्याने तेथेच घडतात. त्यामुळे या भागातील माणसाला स्वतःच्या शिवारात एक थेंब न पडताही पुराला तोंड द्यावे लागते.

डोंगराळ भागात थोड्या वेळात पडलेल्या तीव्र पावसामुळे ओढ्या-नद्यांना काही तासांतच येणाऱ्या पुरास ‘आकस्मिक पूर’ म्हणतात. अशा पुरांच्या अभ्यासासाठी गेल्या दोन दशकांत जगात ठिकठिकाणी विजांच्या नोंदींचा उपयोग होऊ लागला आहे. वीज दूरवरूनही टिपता येते आणि वादळी ढगात ती पुष्कळदा मुसळधार पावसाच्या काही काळ आधी चमकू लागते, हे त्यामागील तत्त्व होय. हे तत्त्व सह्याद्रीच्या पूर्व उतारास कितपत लागू पडते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात ऐतिहासिक दृष्टीने केला आहे. त्यासाठी प्रथम या प्रदेशातील हवामान-नोंदींचा इतिहास पाहिला असून, नंतर २०१९ व २०२० या दोन वर्षांतील तीन पुरांची तुलना केली आहे.

पर्जन्यनोंदींची परंपरा

पावसाचे वर्गीकरण करण्याची या प्रदेशातील सर्वांत जुनी पद्धत नक्षत्रांची आहे. रोहिणी, मृग, आर्द्रा यांपासून हस्त, चित्रा, स्वाती यांपर्यंत शेतकऱ्याने पावसाची नक्षत्रे मानली आणि प्रत्येकाचा स्वभाव सांगितला. मृगापूर्वीचा वळीव गडगडाट करीत येतो. पुनर्वसू-पुष्याचा पाऊस संथ व चिवट असतो, तर हस्ताचा, म्हणजे लोकभाषेतील ‘हत्तीचा’ पाऊस पुन्हा गर्जना करीत कोसळतो. या वर्गीकरणात परिमाण नाही. तथापि ‘गर्जणारा पाऊस’ आणि ‘मुका पाऊस’ हा त्यातील भेद पुढील विवेचनाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे.

उपकरणांच्या साहाय्याने केलेल्या नोंदींचा प्रारंभ पश्चिम भारतात एकोणिसाव्या शतकात झाला. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची स्थापना ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये केली आणि १८४१ पासून तेथे हवामानाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. दख्खनच्या पठारावर याच सुमारास कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी वायुभार, तापमान व पाऊस यांची निरीक्षणे केली आणि ती १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला व हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. लगेचच १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला. ब्लॅनफर्ड यांनी पुढे हिमालयातील बर्फाचा आधार घेऊन मोसमी पावसाचे अंदाज बांधले व १८८६ पासून ते नियमितपणे प्रसिद्ध होऊ लागले.

या घटनाक्रमाचा एक परिणाम दूरगामी ठरला. हवामान-नोंदींची शासकीय व्यवस्था दुष्काळाच्या छायेत वाढली. ‘यंदा एकूण किती पाऊस झाला’ हा महसुलाचा व धान्याचा प्रश्न होता; ‘एका तासात किती झाला’ हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नसे. तालुक्याच्या कचेरीतील पर्जन्यमापक दिवसातून एकदा वाचला जाई. आजही प्रमाण नोंद सकाळी साडेआठ वाजता, मागील चोवीस तासांसाठी घेतली जाते. दुष्काळ ओळखण्यास ही नोंद पुरेशी आहे. आकस्मिक पूर मात्र दोन साडेआठांच्या मध्ये येतो आणि ओसरतो.

या नोंदवह्यांत आणखी एक रकाना असे, तो मेघगर्जनेचा. वेधशाळेत गडगडाट ऐकू आला की तो दिवस ‘मेघगर्जनेचा दिवस’ म्हणून नोंदविला जाई. विजेच्या अभ्यासाचे हे जुने साधन म्हणजे निरीक्षकाचा कान. त्याची मर्यादा फार तर पंधरा-वीस किलोमीटरची आणि त्यातून विजांची संख्याही कळत नसे. तरीही दीर्घकालीन हवामानाचा अभ्यास करणाऱ्यांना हा रकाना आजही मोलाचा वाटतो.

स्वातंत्र्यपूर्व काळातच, १९२८ मध्ये, हवामान विभागाचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगर येथील ‘सिमला ऑफिस’ हे नाव त्याची आठवण देते. मुख्यालय पुढे दिल्लीस गेले, परंतु पुण्याचे महत्त्व कमी झाले नाही. १९६२ मध्ये तेथे भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था स्थापन झाली. या संस्थेने १९७० व १९८० च्या दशकांत बारामती परिसरात उष्ण ढगांवर मिठाची फवारणी करून पाऊस वाढविण्याचे प्रयोग अकरा पावसाळे केले. २०१२ मध्ये महाबळेश्वर येथे उच्चस्थानीय मेघभौतिकी प्रयोगशाळा सुरू झाली, तर २०१८ व २०१९ या वर्षांत सोलापूर परिसरात विमान व रडार यांच्या साहाय्याने ढगांचा अभ्यास करण्यात आला. २०१४ च्या सुमारास याच संस्थेने महाराष्ट्रात विजांची स्थाननिश्चिती करणाऱ्या सुमारे २० संवेदकांचे जाळे उभारले. पुढे ते देशभर विस्तारले आणि त्याच्या आधारे ‘दामिनी’ हे भ्रमणध्वनीवरील सूचना-साधन लोकांपर्यंत पोहोचले.

वीज आणि पाऊस यांचा संबंध

वीज निर्माण होण्यासाठी ढगात बर्फ असावा लागतो. पावसाळ्यात महाराष्ट्रावर गोठणबिंदूची पातळी सुमारे पाच ते साडेपाच किलोमीटर उंचीवर असते. ढग त्याहून बराच उंच वाढला की त्यात हिमकण, मऊ गारकण आणि शून्याखालीही द्रवरूप राहिलेले जलबिंदू एकत्र नांदतात. हिमकण व गारकण यांच्या टकरींतून विद्युत्‌भार विभागले जातात. हलके हिमकण वर जातात, जड गारकण खाली राहतात आणि विजेची स्थिती निर्माण होते. ढगातील ऊर्ध्वगामी प्रवाह जितका जोरकस, तितक्या विजा अधिक. हाच प्रवाह पावसासाठीही बाष्प वर नेतो. मात्र वर साठलेले पाणी जमिनीवर येण्यास काही मिनिटांपासून अर्ध्या-पाऊण तासापर्यंत वेळ लागू शकतो. विजांच्या नोंदींचे पूर्वसूचना म्हणून मोल आहे ते या मधल्या वेळामुळे.

विजेपासून निघणारी विद्युत्‌चुंबकीय लहर प्रकाशाच्या वेगाने पसरते. वेगवेगळ्या संवेदकांवर ती पोहोचण्याच्या वेळेतील सूक्ष्म फरकावरून विजेचे स्थान काढले जाते. एका सेकंदाच्या दहालाखाव्या भागात ही लहर ३०० मीटर जाते. म्हणून घड्याळे तितकी अचूक असावी लागतात. पर्जन्यमापक केवळ आपल्या तोंडावर पडलेला पाऊस मोजतो. हे जाळे मात्र ज्या डोंगरमाथ्यावर एकही पर्जन्यमापक नाही, तेथील वादळाचीही वार्ता क्षणार्धात देते.

परंतु किती विजा म्हणजे किती पाऊस, याचे एकच गणित मांडता येत नाही. फ्लोरिडातील २२ वादळांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक विजेमागे पडलेल्या पावसाचे प्रमाण एका वादळापेक्षा दुसऱ्यात पंधरा पटींपर्यंत वेगळे आढळले. म्हणून विजांची नोंद पर्जन्यमापकाची जागा घेऊ शकत नाही. वादळ कोठे आहे, ते वाढते आहे की क्षीण होते आहे आणि कोणत्या दिशेने सरकते आहे, एवढे ती सांगते.

भूमध्य समुद्राच्या प्रदेशात या तत्त्वाचा पद्धतशीर वापर झाला. युरोपीय संघाच्या साहाय्याने २००६ ते २०१० या काळात इस्राएल, ग्रीस, सायप्रस, इटली व स्पेन येथील संशोधकांनी संयुक्त प्रकल्प राबविला. तेल अवीव विद्यापीठाचे कॉलिन प्राइस हे त्याचे प्रमुख होते. तेथे शरद व हिवाळ्यात समुद्रावरून येणारी वादळे किनाऱ्यालगतच्या डोंगरांवर अडतात आणि कोरड्या ओढ्यांना अकस्मात पूर येतात. समुद्रावर पर्जन्यमापक नसतो, परंतु तेथील विजा टिपता येतात. त्यांच्या आधारे पुढील काही तासांतील वादळांचा मार्ग वर्तविण्याचा प्रयत्न या प्रकल्पात झाला.

आपल्याकडेही समुद्रावरून येणारे बाष्प डोंगरावर अडते; मग हीच पद्धत जशीच्या तशी का उचलू नये, असा प्रश्न साहजिकच निर्माण होतो. त्याचे उत्तर सह्याद्रीच्या ढगांत आहे.

सह्याद्रीचा मुका पाऊस

जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर जो प्रचंड पाऊस पडतो, त्याचा मोठा भाग तुलनेने उथळ ढगांतून येतो. मांढरदेव येथील रडारने व महाबळेश्वरच्या प्रयोगशाळेने केलेल्या निरीक्षणांतून या ढगांचे स्वरूप स्पष्ट झाले आहे. बाष्पाने भरलेली हवा डोंगरामुळे वर ढकलली जाते आणि गोठणबिंदूच्या खालीच जलबिंदू एकमेकांत मिसळून मोठे होतात व पाऊस पडतो. बर्फाची गरज न पडता पडणाऱ्या या पावसास ‘उष्ण पर्जन्य’ म्हणतात. बारामतीचे प्रयोगही अशाच उष्ण ढगांवर झाले होते. बर्फ नाही म्हणून भारविभाजन अल्प, आणि म्हणून विजा विरळ. महाराष्ट्रातील विजांचे प्रमाण मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या दोन काळांत वाढते व ऐन पावसाळ्यात घटते, असे उपग्रहांच्या व भूपृष्ठीय नोंदींवरून दिसून आले आहे. नक्षत्रांच्या परंपरेने केलेला भेद येथे मोजमापाने सिद्ध होतो.

या वस्तुस्थितीचा अर्थ गंभीर आहे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि सुमारे दीडशे माणसे मृत्युमुखी पडली. २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे तशीच दुर्घटना घडली. त्याच पावसात महाबळेश्वरी चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदविला गेला. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली सापडली. या तिन्ही घटना जुलैतल्या, म्हणजे मुक्या पावसाच्या हंगामातल्या आहेत. या काळात आकाशात विजा नाहीत म्हणून धोका नाही, असा समज झाल्यास तो प्राणघातक ठरेल.

तीन पूर, तीन प्रकार

वेळापूर परिसराच्या अनुभवातील तीन पूर शेजारी ठेवून पाहिले असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो.

पहिला पूर ऑगस्ट २०१९ चा. सह्याद्रीच्या माथ्यावर अनेक दिवस संततधार पाऊस झाला, धरणे भरली आणि नीरेवरील वीर व भीमेवरील उजनी या धरणांतून मोठा विसर्ग सोडावा लागला. पंढरपुरात चंद्रभागेचे वाळवंट व नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. हा पूर हळूहळू तयार झाला होता. त्याची पूर्वसूचना धरणांच्या पाणीपातळीत व विसर्गाच्या नोंदीत होती, विजांच्या नोंदींत तिचा शोध घेणे व्यर्थ ठरते.

दुसरा पूर त्याच वर्षीच्या २५ सप्टेंबरच्या रात्रीचा. पुण्याच्या दक्षिणेस कात्रज व पुरंदरच्या डोंगररांगांवर विजांच्या कडकडाटासह अतितीव्र पाऊस कोसळला. ही डोंगररांग जलविभाजक आहे. तिच्या उत्तर उतारावरील आंबिल ओढ्याने पुण्यातील वस्त्यांत हाहाकार उडविला. दक्षिणेकडे खेड-शिवापूर भागात शिवगंगेला पूर आला आणि पुरंदरमध्ये कऱ्हा नदीने पात्र सोडले. वीसहून अधिक लोक मरण पावले. नाझरे धरणातून मोठा विसर्ग होऊन दुसऱ्या दिवशी बारामतीतील नदीकाठच्या लोकांना घरे सोडावी लागली. कऱ्हा पुढे सोनगाव येथे नीरेस मिळते. शिवगंगेचे पाणीही गुंजवणीमार्गे नीरेतच येते, आणि आंबिल ओढ्याचे पाणी मुठा-मुळामुठेतून भीमेत जाते. माळशिरस तालुक्याच्या सीमेवर नीरा-नरसिंहपूर येथे हे सर्व प्रवाह एकत्र येतात. एका रात्रीचे एक वादळ आणि त्याचे पाणी दोन खोऱ्यांत विभागून पुन्हा एका संगमावर, असा हा प्रकार होता.

या पुराचा वेग समजण्यासाठी एक साधे गणित करता येईल. दहा चौरस किलोमीटरच्या डोंगराळ पाणलोटावर दोन तासांत १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा लाख घनमीटर पाणी जमा होते. त्यातील निम्मेच त्याच दोन तासांत वाहून आले, तरी ओढ्यातून दर सेकंदाला सुमारे ७० घनमीटर, म्हणजे जवळजवळ अडीच हजार क्युसेक पाणी जाते. एरवी पायाने ओलांडता येणाऱ्या ओढ्याची ही अवस्था होते. अशा प्रसंगी सकाळी साडेआठची नोंद पूर येऊन गेल्यानंतरच हाती येते. वादळी ढगातील विजांची वाढ आणि तो ढग एकाच डोंगरावर रेंगाळत असल्याची खूण मात्र त्याच रात्री उपलब्ध असू शकते. विजांच्या नोंदींचे खरे क्षेत्र हेच होय.

तिसरा पूर ऑक्टोबर २०२० चा. बंगालच्या उपसागरातील तीव्र कमी दाबाचा पट्टा १३ ऑक्टोबर रोजी काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून तेलंगण व उत्तर कर्नाटकातून सोलापूरकडे आला. १४ ऑक्टोबर रोजी पंढरपुरातील कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण दगावले. शेकडो चौरस किलोमीटरवर एकाच वेळी झालेल्या या पावसाचा उगम डोंगरात नव्हता. त्याचा मागोवा वायुभाराच्या नकाशांवरून व उपग्रहांच्या चित्रांवरून आधीच घेता येत होता. येथे विजांची नोंद पूरक ठरते, पण मुख्य आधार ठरू शकत नाही.

नोंद आणि न्याय

हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. शासकीय मदतीसाठी महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस ही अतिवृष्टीची कसोटी दीर्घकाळ वापरली गेली आहे. महावेध प्रकल्पामुळे २०१७ पासून राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली, ही निश्चितच मोठी प्रगती होय. तरीसुद्धा एका मंडळात केंद्र एक आणि डोंगरातील वादळाचा विस्तार पुष्कळदा काही किलोमीटरचाच असतो. वादळ केंद्राला वळसा घालून गेले, तर पीक वाहून जाऊनही वहीत पाऊस दिसत नाही. नदीकाठच्या गावाचा पूर तर दुसऱ्याच तालुक्यातील पावसाचा असतो. अशा वेळी विजांच्या नोंदी, रडारची चित्रे व धरणांच्या विसर्गाच्या वेळा एकत्र मांडल्यास वादळ कोठे व केव्हा झाले याचा पुरावा उभा राहतो. विजेने भारतात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यांत शेतात काम करणाऱ्यांची संख्या मोठी असते. त्यामुळे हेच जाळे माणसे वाचविण्याच्या कामीही येते.

इतिहासाच्या अभ्यासकाचे कामही येथे सुरू होते. पुराच्या दुसऱ्या दिवशी तलाठ्याने केलेला पंचनामा, घाटांच्या पायऱ्यांवरील पूररेषेच्या खुणा, धरणावरील विसर्ग-नोंदवही, ग्रामपंचायतीचे ठराव आणि वृद्धांच्या आठवणी ही सर्व साधने विजेच्या क्षणनिहाय नोंदीशी ताडून पाहता येतात. विजांच्या जाळ्याचा इतिहास अवघ्या दहा-बारा वर्षांचा, तर मेघगर्जनेच्या दिवसांचा इतिहास शतकाहून मोठा आहे. पहिल्याच्या आधारे दुसऱ्याचा अर्थ लावणे शक्य आहे. मात्र त्यासाठी जुन्या नोंदवह्या जपल्या पाहिजेत. कचेऱ्या स्थलांतरित होताना त्या रद्दीत गेल्या, तर तो पुरावा कोणत्याही उपग्रहाकडून परत मिळणार नाही.

निष्कर्ष

१. या प्रदेशातील शासकीय पर्जन्यनोंदींची घडण दुष्काळाच्या गरजेतून झाली. चोवीस तासांची नोंद आकस्मिक पुराच्या अभ्यासास अपुरी पडते.

२. भूमध्य प्रदेशात यशस्वी ठरलेली विजांवर आधारित पद्धत सह्याद्रीला सरसकट लागू करता येत नाही. जुलै-ऑगस्टमधील घाटमाथ्यावरील पाऊस प्रामुख्याने उष्ण पर्जन्याचा असून त्यात विजा विरळ असतात. त्या काळासाठी घाटमाथ्यावरील स्वयंचलित पर्जन्यमापक, रडार व धरणांच्या नोंदी हाच आधार आहे.

३. वळीव व परतीचा पाऊस यांच्या काळात, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, कऱ्हा, शिवगंगा यांसारख्या लहान डोंगरी पाणलोटांसाठी विजांची नोंद उपयुक्त पूर्वसूचना देऊ शकते. तिच्या जोडीला ओढ्यांच्या पाणीपातळीचे मापन हवे.

४. पूर एका तालुक्यात घडतो व दुसऱ्या तालुक्यात पोहोचतो. म्हणून सूचना देण्याची आणि नुकसान ठरविण्याची व्यवस्था महसुली सीमांऐवजी नदीखोऱ्याच्या सीमांनुसार आखणे आवश्यक आहे. पुरंदरच्या डोंगरावर रात्री वाढत असलेल्या वादळाची वार्ता बारामती, अकलूज व नीरा-नरसिंहपूर येथील नदीकाठच्या गावांना त्याच रात्री मिळाली पाहिजे.

५. नक्षत्रांवर आधारित पारंपरिक वर्गीकरणातील गर्जणाऱ्या व मुक्या पावसाचा भेद आधुनिक निरीक्षणांशी सुसंगत आहे. सूचना लोकांपर्यंत नेताना या परिचित भाषेचा उपयोग केल्यास ‘वीज नाही म्हणजे धोका नाही’ हा घातक गैरसमज टाळता येईल.